सत्तावीस की सदतीस

फोनला नवी आवृत्ती आली की मी सेटिंगमध्ये जाते आणि वरच्या शोधायच्या चौकटीत 'रेकॉर्ड' एवढाच शब्द टाकते. गेली पाच-सहा वर्षं हे चाललंय. परवा रात्री पुन्हा आली. उतरायलाच पाऊण तास गेला, मग काळा पडदा आणि फिरणारं चक्र. फोन उघडला तेव्हा घड्याळाचे आकडे जाड झाले होते, बटणांचे कोपरे गोल झाले होते, फोटोत मागे आलेला नको तो माणूस पुसून टाकायची सोय झाली होती. मी शब्द टाकला. स्क्रीन रेकॉर्ड करता येईल, असं उत्तर आलं. कॉलचं जुनंच होतं. बटण दाबलं की दोन्हीकडे एका बाईचा आवाज जाणार, की हा कॉल रेकॉर्ड होतो आहे.

फोन उशाशी ठेवला, पण झोप येईना. आता साडेबारा वाजता हे कुणाला सांगायचं? नवरा म्हणाला असता, एवढं काय त्यात. त्यात काय आहे ते सांगायचं तर बाबांच्या वहीपासून सांगावं लागेल.

बाबा पोस्टात होते. निवृत्त झाल्यावरही आवक-जावक सुटली नाही. नागपुरात महाल भागातल्या आमच्या घरी, दिवाणखान्यातल्या टेबलावर दोनशे पानी लांब वही असायची. पट्टीने मारलेल्या उभ्या रेघा. डाव्या पानावर आवक, उजव्या पानावर जावक. तारीख, वेळ, कोणाचा फोन, विषय आणि शेवटी शेरा. काटोलहून आत्याचा फोन, विषय बगीच्याचं पाणी. पोस्टातल्या जुन्या सहकाऱ्याचा फोन, विषय पेन्शनचा हयातीचा दाखला. शेऱ्याच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच ओळ असे: 'रात्री ऐकून खात्री केली.' ही ओळ मी कितीदा तरी वाचली असेल. निवृत्त माणसाची शिस्त, असं समजून पुढे गेले.

रात्री नऊच्या सुमारास आईची भांडी आवरली की दोघं टेबलाशी बसत. बाबा फोन स्टीलच्या रिकाम्या डब्यात उभा ठेवायचे, म्हणजे आवाज मोठा होतो. दिवसभरात आलेले कॉल एकेक करून लावायचे. ज्या ठिकाणी अडत, तिथं बोटाने मागे घ्यायचे, पुन्हा लावायचे, मग आईकडे बघायचे. आई सांगायची. बाबा वहीत लिहायचे. हे सगळं मला नंतर कळलं. मी मनीषनगरला राहते, जेमतेम आठ किलोमीटर. रविवारी जायचे, दुपारी जेवून परतायचे. रात्री नऊला मी तिथं कधी नव्हतेच.

बाबांना ऐकू कमी येतं हे मला समजलं नाही, याला आमच्याकडचा कूलरही कारणीभूत आहे. मार्चपासून खिडकीत तो धडधडणारा डबा सुरू होतो, नव्या ताट्या, पाण्याची मोटर, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला की चोवीस तास चालू. त्या आवाजात सगळेच ओरडून बोलतात, सगळेच 'काय म्हणालीस?' विचारतात. जुलैत पावसाचा आवाज, ऑक्टोबरात पुन्हा कूलर. हिवाळ्यात बाबा गॅलरीत उन्हाला बसत आणि खाली रस्त्याचा गलका असे. वर्षाच्या प्रत्येक ऋतूला त्यांच्याकडे सबब होती.

२०१९ची दिवाळी. भाऊबीजेला घरी गेले होते. बाबांच्या फोनवर लाल ठिपका होता, अपडेट आल्याचा.

"बाबा, हे काऊन नाही केलं?"

"राहू दे बेटा. चांगला चालून राहिला न फोन."

"सुरक्षेचं असते त्यात. करावं लागते." मी म्हटलं आणि दाबलं. अर्ध्या तासात फोन नवा झाला. घरी निघताना मी तो त्यांच्या हातात दिला, अक्षरं मोठी करून दिली, आणि काहीतरी चांगलं केल्याच्या समाधानात निघाले.

त्या अपडेटमध्ये काय होतं ते मी पुढे शोधून शोधून वाचलं. अँड्रॉइडची नववी आवृत्ती ऑगस्ट २०१८मध्ये आली. तोवर कॉल रेकॉर्ड करणारी बाहेरची ॲप कुठल्या ना कुठल्या आडवाटेने समोरच्याचा आवाज घेत होती. नवव्या आवृत्तीत त्या वाटा बंद झाल्या. कारण खोटं नव्हतं: टॉर्च किंवा कॅलेंडर म्हणून घेतलेल्या एखाद्या ॲपने गुपचूप तुमचे कॉल ऐकावेत, ही भीती खरीच आहे. पण ॲप बंद पडलं असतं तर बाबांना कळलं तरी असतं. ते बंद पडलं नाही. पहिल्यासारखंच यादी करत राहिलं, तारीख, वेळ, नाव. फक्त त्या रेकॉर्डिंगमध्ये आता एकाच बाजूचा आवाज येत होता. फोनच्या माइकपाशी बोलणाऱ्याचा. बाबांचा.

बाबांना वाटलं आपला कान आणखी बिघडला. दोन महिने ते कोणाला काही बोलले नाहीत.

जानेवारीत मी गेले तेव्हा त्यांनी फोन पुढे केला. "बेटा, हे पाहून दे जरा. यातला दुसरा आवाज येत नाही." मी यादी उघडली आणि नोव्हेंबरातला आत्याचा कॉल लावला. चाळीसेक सेकंदांचा होता. मधल्या शांततेसकट तो मला जसाच्या तसा आठवतो.

"हां, बोल." बराच वेळ काही नाही. "हो." काही नाही. "हो हो." काही नाही. "किती?" एक क्षण. "हं… हं. बरं." पुन्हा काही नाही. "हो, देऊन टाक. चांगला आहे भाव. देऊन टाक."

मी पुढचा कॉल लावला. त्यातही 'हो'. त्याच्या पुढच्यातही. डॉक्टरांच्या कंपाउंडरला हो, गॅसवाल्याला हो, माझ्या मावसभावाला दोन वेळा हो आणि एक लहानसं हसू, जे कशावर होतं हे बाबांनाही माहीत नसणार. मग मी माझा स्वतःचा कॉल लावला. मी त्यात काय बोलले ते मला आठवत होतं. मी विचारलं होतं, 'बाबा, तुम्ही मंगळवारी येणार की बुधवारी?' आणि रेकॉर्डिंगमध्ये बाबा म्हणत होते, 'हो.'

"बाबा, आत्या किती म्हणाली होती भाव?"

"सदतीस. टनामागं सदतीस हजार."

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. "सत्तावीस."

आत्याचा संत्र्याचा बगीचा काटोलच्या पुढे आहे. आंबिया बहाराचा माल, व्यापारी बांधावर येऊन उभा, आणि तिने नेहमीप्रमाणे थोरल्या भावाला विचारलं. दादा म्हणाला देऊन टाक, तिने देऊन टाकलं. त्याच आठवड्यात शेजारच्या बगीच्याचा सौदा बराच चढा झाला. आत्या बाबांना एका शब्दाने बोलली नाही. आईला मात्र म्हणाली होती, आणि आईने ते आपल्यापाशी ठेवलं होतं. बाबांना त्या दिवशी, माझ्यासमोर, पहिल्यांदा कळलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, वही ओढली, नोव्हेंबरचं पान काढलं. शेऱ्याचा रकाना कोरा होता. ते त्या कोऱ्या रकान्याकडे कितीतरी वेळ बघत बसले.

नेहमीप्रमाणे त्याच रात्री दहाच्या आत बाबांचा उलट फोन गेला असता, तर आत्या थांबली असती. आधीच्या वर्षांत असंच व्हायचं, हे आईने सांगितलं. बाबा हो म्हणायचे, रात्री डब्यात लावून ऐकायचे, आणि गफलत दिसली की लगेच उलट फोन: "अगं, मी विचार केला, थांब जरा." आत्याला वाटायचं दादा दिवसभर विचार करतो.

मग तपासणी झाली. कानाच्या बंद खोलीत बसून त्यांनी बटण दाबलं, कागदावर आलेख उमटला. डावीकडून ठीक चालत आला आणि हजार हर्ट्झनंतर उतरणीला लागला. वयानुसार ऐकणं असंच जातं, वरच्या पट्टीकडून. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे साठीच्या पुढच्या दर चार माणसांत एकाहून जास्त जणांना अडचण होईल इतकं कमी ऐकू येतं. स्वर शाबूत राहतात, व्यंजनं जातात. 'स', 'श', 'त', 'फ' यांची धार वरच्या कंपनांत असते. त्यात साधा फोनकॉल पूर्वीपासून ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे पाठवत आला. 'स'चा मोठा भाग त्याच्याही वर राहतो. आता ४जीच्या कॉलमध्ये हा पट्टा ७,००० हर्ट्झपर्यंत जातो, पण दोन्हीकडे तशी सोय हवी, आणि आत्या बोलते ती बगीच्यातून. 'जेवण झालं का' हे वाक्य कान अर्धं ऐकतो आणि उरलेलं चालीवरून भरून काढतो. आकड्याला चाल नसते. सत्तावीस आणि सदतीस, साडेसात आणि साडेआठ, यात अंदाजाला जागाच नाही. बाबांची सगळी फसगत आकड्यांत होती.

कानाची मशीन घेतली. घरात बोलताना तिचा फरक पडला, आई आता ओरडत नाही. पण फोन कानाला लावला की मशीन शिट्टी मारायची, आणि काढली तर ऐकू येत नाही.

लॉकडाउनच्या सुरुवातीला मला एक दुसरं ॲप सापडलं. ते फोनमधल्या 'ॲक्सेसिबिलिटी'च्या परवानगीवर चालायचं. दिसत नाही, ऐकू येत नाही, बोटं नीट वळत नाहीत, अशा माणसांसाठी फोनमध्ये ज्या सोयी असतात, त्यांचं हे दार. त्या दारातून ॲपला दोन्ही आवाज मिळायचे. व्हिडिओ कॉलवरून आईला एकेक बटण दाखवत मी ते बसवून घेतलं. त्या दिवसांत सगळं जग फोनवर आलं होतं. कोण ॲडमिट झालं, कोणाला ऑक्सिजन लागला, कोण गेलं, सगळं फोनवर. डबा पुन्हा टेबलावर आला. वहीतला शेरा पुन्हा भरू लागला. २०२१च्या एप्रिलमधलं एक पान माझ्याकडे आहे, त्यावर एका दिवसात अकरा नोंदी आहेत आणि अकरांपुढे 'खात्री केली' आहे. त्यांतल्या चार बातम्या मृत्यूच्या आहेत. अशी बातमी चुकीची ऐकली गेली असती तर काय झालं असतं, याचा मी विचारही करू शकत नाही.

एप्रिल २०२२मध्ये बातमी आली. ११ मेपासून प्ले स्टोअरवरच्या ॲपना ॲक्सेसिबिलिटीची परवानगी कॉल रेकॉर्डिंगसाठी वापरता येणार नाही. ही परवानगी त्या कामासाठी बनवलेलीच नाही, असा नियमाचा अर्थ होता. मी ते वाक्य तीन-चारदा वाचलं. कॉल रेकॉर्ड करणं ही ऐकू न येणाऱ्यासाठीची सोय नव्हे, असं त्यात गृहीत होतं. आमच्या घरात ती तेवढ्याच कामाची होती. बाबांनी आयुष्यात कोणाचं रेकॉर्डिंग कोणाला ऐकवलं नाही, पाठवलं नाही, पुरावा म्हणून ठेवलं नाही. वहीत लिहून झालं की ते खोडून टाकायचे, फोनमध्ये जागा राहत नाही म्हणून. ज्या दारावर त्यांच्यासारख्यांची पाटी होती, त्याच दारातून त्यांना परत पाठवलं, असं मला वाटलं आणि अजून वाटतं.

पुढच्या वर्षी जुना फोन बॅटरी फुगून गेला. सीताबर्डीत जाऊन नवा घेतला. त्यात रेकॉर्डिंग फोनमध्येच होतं, वेगळं ॲप नको. मी दुकानात उभी राहूनच आनंदले. घरी येऊन पहिला फोन आत्याला लावला, बाबांनी बटण दाबलं, आणि तो इंग्रजी आवाज आला. स्वच्छ, मोठा, बाबांनाही ऐकू जाईल असा.

पलीकडे आत्या गप्प. मग म्हणाली, "काऊन रे दादा? माझं बोलणं टेप काऊन करून राहिला?"

बाबांनी फोन आईकडे दिला.

पोस्टातल्या एका जुन्या मित्राने तर नमस्कार करून फोनच ठेवला. कंपाउंडर मोजून मापून बोलू लागला. बाबांनी चार-पाच दिवस बटण दाबलं आणि मग दाबणं सोडलं. आणि मग हळूहळू फोन उचलणंही. 'आईला दे', 'आईशी बोल', हे रोजचं झालं. वहीचं आवक पान अर्धं रिकामं जाऊ लागलं. कमी ऐकू येतं हे त्यांनी पोस्टात शेवटची काही वर्षं लपवलं होतं, माझ्यापासून लपवलं होतं, सख्ख्या बहिणीपासून लपवलं होतं. त्या लपवण्यात त्यांची अब्रू होती असं त्यांना वाटायचं. रेकॉर्डिंगने ती अब्रू सांभाळली होती.

मला दुसरी बाजू कळत नाही असं नाही. माझं बोलणं माझ्या नकळत कोणी साठवून ठेवलं तर मलाही राग येईल. २४ ऑगस्ट २०१७ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगितलं, तेव्हा मला बरंच वाटलं होतं. अमेरिकेत काही राज्यांत एकाची संमती पुरते, काहींत दोन्हीकडची लागते, आणि फोन साऱ्या जगाला एकच विकायचा असतो, हेही समजतं. भाचा म्हणाला आयफोन घ्या. पण आयफोनला २००७पासून ही सोय नव्हतीच, ती ऑक्टोबर २०२४मध्ये आली आणि तीही दोन्हीकडे घोषणा करूनच. आत्याचा तिच्या बोलण्यावर हक्क आहे, हे मला मान्य. माझं म्हणणं एवढंच की बाबांना तिचं बोलणं ठेवायचं नव्हतं. त्यांना ते दुसऱ्यांदा ऐकायचं होतं. आपोआप रात्री बाराला पुसलं जाणारं रेकॉर्डिंग करता आलं असतं. फोनबाहेर जाऊच शकणार नाही असं करता आलं असतं. समोरच्याचं बोलणं कॉल चालू असताना मराठीत अक्षरांत पडद्यावर उमटलं असतं तर रेकॉर्डिंगचं नावही काढावं लागलं नसतं. फोटोतला माणूस पुसून त्याच्यामागची भिंत भरून काढता येते, मग हे का येऊ नये? इतकी वर्षं मी ह्याच उत्तरासाठी तो शब्द टाकते आहे.

करणारं कोणी असलं की होतं, हेही पाहिलं. समोर बोललेलं लगेच अक्षरांत दाखवणारं 'लाइव्ह ट्रान्सक्राइब' हे ॲप फेब्रुवारी २०१९मध्ये आलं. ते ज्यांच्या डोक्यातून निघालं त्या दिमित्री कानेव्हस्की या गूगलमधल्या संशोधकांना स्वतःला लहानपणापासून ऐकू येत नाही. त्यांना सहकाऱ्यांशी बोलायचं होतं, म्हणून ते बनलं. हे मी वाचलं तेव्हा वाटलं, त्या खोलीत बाबांसारखा एखादा म्हातारा असता, ज्याला बहिणीला विचारायची लाज वाटते, तर कॉलचंही काही झालं असतं.

आता आम्ही तेच ॲप वापरतो. कॉल चालू असलेल्या फोनवर ते चालत नाही, माइक कॉलला गुंतलेला असतो. म्हणून दोन फोन लागतात. एकावर कॉल, स्पीकरवर. त्याच्यासमोर माझा जुना फोन, ट्रान्सक्राइब लावून, मीठ-मसाल्याच्या डब्याला टेकवून उभा. ॲपला मराठी येते, पण आमची यायची आहे. आत्या म्हणते 'माल तोडून राहिले', पडद्यावर येतं 'माल सोडून राहिले'. 'काऊन'चं दर वेळी 'कोण' होतं. बाबा चष्मा कपाळावर सरकवून पडद्याजवळ जातात आणि पोस्टातली पुसट पत्त्यांची पाकिटं वाचावीत तसं वाचतात.

काल संध्याकाळी आत्याचा फोन आला. पुन्हा नोव्हेंबर, पुन्हा आंबिया, पुन्हा व्यापारी बांधावर. मी तिथंच होते. आत्या बोलत होती, पडद्यावर अक्षरं येत होती, आणि भावाचा आकडा आला. ३७ आला. मग वाक्य पुढे सरकलं तसा तो आपोआप बदलून २१ झाला. त्या ॲपला सवय आहे, पुढचं ऐकून मागचं दुरुस्त करायची. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोलणार होते, आई हाताने थांब म्हणाली.

"थांब," बाबा फोनवर म्हणाले. "अगं, मला ऐकू कमी येते. आकडा सुटा सुटा सांग."

पलीकडे जरा वेळ काही नाही.

"तीन," आत्या जोरात म्हणाली. मग थांबून, "एक."

बाबांनी वही ओढली. तारीख, वेळ, काटोल, विषय संत्रा. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: आकडा दोनदा विचारला. तीन आणि एक. एकतीस.